नऊ सुतांची फळी

म्हापशाचा एक फर्निचरवाला बाबांच्या काळापासून आमच्या आरागिरणीचं गिऱ्हाईक. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याने फणसाच्या ऐंशी फळ्या नेल्या, आठ फुटी, इंचाच्या. चौथ्या दिवशी टेम्पो परत आला. तेवीस फळ्या दोरीने वेगळ्या बांधलेल्या आणि सगळ्यात वरच्या फळीवर खडूने लिहिलेलं, 'या टोकाला नऊ सूत, त्या टोकाला सात. मधे देव जाणे.' भांडला असता तर बरं वाटलं असतं. फोनवर तो एवढंच म्हणाला, "भाऊ, माझं रंध्याचं मशीन फळी बारीक करतं, जाड करत नाही."

ज्यांचा सुताराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरला थोडं जास्त. आठ सुतांची फळी हवी असेल तर आम्ही ती नऊ सुतांवर कापायचो. वरचं सूत रंध्यासाठी, म्हणजे खरं तर आमच्या मशीनच्या पापांसाठी. बाबांनी ते ठरवलं होतं आणि मी कधी विचारलं नव्हतं की पाप नेमकं किती आहे.

गिरणी कुडाळजवळ. छत्तीस इंची चाकांचा उभा बँड सॉ, म्हणजे वरखाली दोन चाकांवर फिरणारा दातेरी पोलादी पट्टा, वीस हॉर्सपॉवरची मोटर, ओंडका पट्ट्यात नेणारी, हाताने ढकलायची ट्रॉली. बांधकामाचं किंजळ-ऐन, लोकांच्या परड्यातला फणस, आंबा, शिवण आणि हल्ली सगळ्यात जास्त आकेशिया, जिला इथे कुणी ऑस्ट्रेलियन बाभूळही म्हणतं. मशीन माझ्या वयाचं आहे. नवीन का घेत नाही, असं येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. जंगलतोडीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला आदेश दिला, तेव्हापासून आरागिरणीच्या परवान्याचा कारभार असा कडक झाला आहे की चालू गिरणीत खिळा ठोकतानाही माणूस दोनदा कागद बघतो. एक मशीनविक्रेता आडवी हायड्रॉलिक गिरणी विकायला आला होता. 'केसाएवढा फरक पडणार नाही' म्हणाला. परवान्यातला बदल कोण करून आणणार, असं विचारल्यावर चहा संपवून गेला. आहे तेच मशीन नीट करणं भाग होतं.

आता एक कबुली. वाकडी फळी आली की आमच्याकडे एकाच गोष्टीला शिव्या पडतात, पट्ट्याला. आणि पट्ट्यानंतर धार लावणाऱ्या चाचांना. ते पंचवीस वर्षं आमचे पट्टे घासतात. मी त्यांना दोन महिने बंद करून दुसरा माणूस आणला, वर एक नवाकोरा स्वीडिश पोलादाचा पट्टा घेतला. पहिला तास दीड तास फळ्या बऱ्या निघाल्या, मी खूश. जेवणानंतर पुन्हा तेच. आमचे ट्रॉलीवरचे मिस्त्री, ज्यांनी मला भुशात खेळताना पाहिलंय, बिडी विझवत म्हणाले, "पट्ट्याक कित्याक शिव्या घालतंस? ट्रॉली नाचता, ती बघ आधी. तुझ्या बापाशीक पण ह्याच सांगलंय."

बाबांनी ऐकलं नव्हतं. मीही लगेच ऐकलं नाही. पण परत आलेल्या तेवीस फळ्या शेडमध्ये डोळ्यांसमोर होत्या, म्हणून एक केलं. जाडी मोजायचा डिजिटल व्हर्नियर आणला आणि मोजायला बसलो.

नुसतं मोजून काही कळत नाही, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. आकडे हातात, पण कुठली फळी कुठल्या ओंडक्याची, आधीची की नंतरची, पट्ट्यात आधी कुठलं टोक गेलं, काहीच माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फळीवर खडूने नंबर, ओंडक्याचं अक्षर, आणि जे टोक आधी पट्ट्यात शिरलं त्या बाजूला बाण. पोरं हसली. चाळीस फळ्या, प्रत्येक फळीवर सहा जागा, तीन वरच्या काठाला आणि तीन खालच्या. दोनशे चाळीस आकडे मुलीच्या गणिताच्या जुन्या वहीत. सगळ्यात बारीक जागा चोवीस मिलिमीटर, सगळ्यात जाड तेहतीस. ठरवलेलं माप एकोणतीस.

वही बायकोने कॉम्प्युटरवर चढवली. ती बँकेत काम करते, आकड्यांच्या रांगा बघायची तिला सवय. म्हणाली, "हा एक घोटाळा नाहीये, तीन-चार वेगवेगळे आहेत. एका खात्यात टाकू नकोस."

खरंच तसं होतं. काही फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच होत्या, फक्त शेजारच्या फळीपेक्षा दीड-दोन मिलिमीटरने जाड किंवा बारीक. काही फळ्या लांबीत कुठेही फुगत, कुठेही आत जात, काही नेम नाही. तिसरा प्रकार विचित्र होता. प्रत्येक ओंडक्यातली शेवटची एखाद-दुसरी फळीच भलती निघायची, बाकी ठीक. आणि चौथं म्हणजे घड्याळ. सकाळी आठच्या फळ्या चांगल्या, साडेनऊनंतर सगळाच माल बिघडत जायचा.

शेवटच्या फळीचं कोडं मला तीन दिवस सुटलं नाही. ट्रॉलीच्या रुळाला नायलॉनची दोरी ताणली तर रूळ मधोमध चार मिलिमीटर बाहेर आलेला. मातीवर टाकलेल्या स्लीपरवरचे रूळ, दर पावसाळ्यात जमीन फुगते आणि दर उन्हाळ्यात बसते. मला वाटलं सापडला चोर. पण मग मधल्या फळ्या ठीक का? रात्री जेवताना ताटल्यांची चळत समोर होती, तेव्हा डोक्यात उजेड पडला. रूळ वाकडा असला तरी प्रत्येक खेपेला तेवढाच वाकडा असतो. ट्रॉली त्याच वळणाने जाते, पट्टा ओंडक्यात तेच वळण कापतो, पुढच्या खेपेलाही तेच. फळ्या एकात एक बसलेल्या ताटल्यांसारख्या निघतात, वाकड्या पण जाडीला सारख्या. आपण अर्धा ओंडका कापून झाला की तो फिरवतो, पाठ पुढे आणतो. आता पहिलं पोट एका बाजूला आणि नवं पोट दुसऱ्या बाजूला. मधे उरलेल्या शेवटच्या फळीत दोन्ही चुका एकत्र येतात, मध्यात फुगलेली नाहीतर चेपलेली. ओंडका टेकवायचे खुंट पट्ट्याला समांतर नसले तरी हेच होतं, फक्त तेव्हा शेवटची फळी पाचरीसारखी निघते, वरचा काठ जाड आणि खालचा बारीक. आमच्याकडे दोन्ही होतं.

म्हणजे वर्षानुवर्षं आम्ही ज्या फळीला 'शेवटची फळी अशीच असते' म्हणून जळणाच्या ढिगात टाकत होतो, ती मशीन आम्हाला पाठवत असलेली चिठ्ठी होती.

पण म्हापशाहून परत आलेला माल शेवटच्या फळ्यांचा नव्हता. तो दुसऱ्या प्रकारचा होता, नेम नसलेला. आणि इथे मिस्त्री जिंकले. गॅरेजवाल्या मित्राकडून बारीक हालचाल मोजायचा डायल गेज आणला, त्याचं चुंबक लोखंडी खांबाला चिकटवलं, टोक ट्रॉलीच्या अंगाला टेकवलं आणि मिस्त्रींनी पहारीने ट्रॉली आडवी रेटली. काटा साडेतीन मिलिमीटर फिरला. परत रेटली, परत तेवढाच. ट्रॉलीचे आस बेअरिंगमध्ये आडवे सरकत होते. आसावरच्या कॉलर झिजून पातळ झालेल्या, आणि एका रुळावर जी खाचेची चाकं ट्रॉलीला सरळ धरतात त्यांची खाच रुंद होऊन वाडग्यासारखी झालेली.

रुळाचा वाकडेपणा दर खेपेला सारखा असतो म्हणून तो फळीच्या जाडीत दिसत नाही. हा सारखा नव्हता. ढकलणारी पोरं दोन. एक डाव्या कोपऱ्यातून जोर लावतो, दुसरा मधून. एकाचा पाय भुशावर घसरला की ट्रॉली तिरकी होते आणि त्या क्षणी फळी दोन मिलिमीटर जाड होते. मी ढकलणाऱ्या पोरांचे पाय बघत अर्धा तास उभा राहिलो आणि फळी बाहेर पडायच्या आधी सांगू लागलो की ही कुठे फुगलेली असणार. दहापैकी सात वेळा बरोबर आलो. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त तंबाखू मळत होते. ते न बोलणंच पुष्कळ होतं.

जुलैत गिरणीला तसंही काम कमी, लाइट जाते, ओला माल येतो. दहा दिवस बंद ठेवली. आस काढून गावातल्या टर्नरकडे दिले, नव्या कॉलर, मधे गनमेटलचे वॉशर. खाचेची चाकं पुन्हा लेथवर फिरवली. रुळांखाली काँक्रीटचा पट्टा ओतला, दोरी आणि पाण्याच्या नळीने पातळी घेतली. नळीतल्या पाण्यात बुडबुडा राहिला तर पातळी खोटं बोलते, म्हणून एक रूळ दोनदा करावा लागला. तो दिवस आठवला की अजून हात दुखतात. खुंट पुढे-मागे करायच्या स्क्रूची मधली नट पार झिजलेली. मधला खुंट नेहमी वापरात, टोकाचे कमी, म्हणून झीजही मधल्याला जास्त. पहिल्या प्रकारच्या फळ्या, ज्या आखी लांबी सारख्या पण शेजारणीपेक्षा वेगळ्या, त्या यामुळे. नटा बदलल्या, आणि मिस्त्रींना एक सवय लावून घ्यायला सांगितली. हँडल मापाच्या पुढे गेलं तर नुसतं तेवढंच मागे आणायचं नाही. चांगलं मागे नेऊन पुन्हा पुढे येत मापावर थांबायचं. स्क्रूची ढील नेहमी एकाच बाजूला राहते मग. हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, फक्त घाईत कोणी करत नव्हतं.

एवढं करून चालू केलं. सकाळची फळी सुरेख. साडेनऊला पुन्हा नाच सुरू.

आता उरलं होतं घड्याळ. तासाभराने काय बदलतं? पट्टा तापतो. बाकी लाकूड तेच, माणसं तीच. हिशेब केला. आमचा पट्टा सहा मीटरच्या आसपास लांब. तीस अंशांनी तापला तर पोलाद सव्वादोन मिलिमीटरच्या जवळपास वाढतं. तेवढी ढील घ्यायला वरचं चाक साधारण एक मिलिमीटर वर सरकलं पाहिजे, आणि ते आपोआप सरकावं म्हणूनच मशीनच्या पाठीमागे तरफ आणि वजनं असतात. वजन खाली, चाक वर, पट्टा ताणलेला. कोणी हात लावायचा नाही.

मी मागे गेलो. ती तरफ मी लहानपणापासून बघतोय, तिच्यावर बसून मार खाल्लाय. तिच्या टोकाला दोन किलोचं माप जादा ठेवलं. हलली नाही. पाच किलो ठेवलं. नाही. पहारीने वर उचलून सोडली तर तिथेच राहिली, हवेत, एखाद्या संन्याशासारखी. टेकूची जी धार असते, जिच्यावर तरफ तोललेली असते, तिथे फणसाचा चीक, भुसा आणि वर्षानुवर्षं प्रेमाने भरलेलं ग्रीस यांचं काळं दगडासारखं थर झालेलं. सकाळी स्क्रूने ताण दिला की पट्टा ताठ, तापला की ढिला, आणि तरफ त्याला काही करत नव्हती. ढिला पट्टा लाकडात सापासारखा चालणारच. पट्टा चाचांनी घासला काय किंवा स्वीडनच्या राजाने घासला काय.

डिझेल आणि पत्र्याच्या तुकड्याने ते सगळं खरवडायला दुपार गेली. धार झिजून गोल झाली होती, ती कानशीने पुन्हा उभी केली. ग्रीस भरलं नाही. मिस्त्रींचा जीव वरखाली झाला, त्यांच्या शास्त्रात लोखंडाला ग्रीस म्हणजे देवाला फूल. पण भुशाच्या जागेत उघडं ग्रीस हे भुसा पकडायचं जाळं असतं. कोरडी ठेवायची आणि रोज ब्रशने झाडायची. चालू केल्यावर मी कापणाऱ्या बाजूला गेलोच नाही, मागे उभा राहिलो. कट सुरू झाला, आणि वीस मिनिटांत वजन हळूच बोटभर खाली उतरलं. कट थांबवून पट्टा गार होऊ दिला, तर परत वर. मशीन श्वास घेत होतं. असं मी ते पहिल्यांदा बघत होतो, आणि ते माझ्या वयाचं आहे हे आधी सांगितलंच.

त्या दिवशी मी चाचांच्या घरी गेलो. माफी वगैरे शब्द आमच्यात नाहीत. "पट्टे पाठवतो उद्यापासून," म्हणालो. ते म्हणाले, "दोन महिन्यांत दुसऱ्याने दातांची काय दशा केली ते आधी बघतो." आणि दुसऱ्या दिवशी येऊन मला दाखवलं. दात एकाआड एक डावीकडे आणि उजवीकडे थोडे वळवलेले असतात, म्हणजे पट्टा स्वतःपेक्षा रुंद वाट कापतो आणि अडकत नाही. आमचा पट्टा वीस गेजचा, सुमारे नऊ दशांश मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वळण. त्या माणसाने डावीकडे पन्नास शतांश आणि उजवीकडे पस्तीस ठेवलं होतं. जिकडे वळण जास्त तिकडे पट्टा ओढला जातो. चाचांचा डायल नव्हता, बोटाचं नख होतं. नखाने तपासून सांगितलं डावी जास्त आहे. मी मापून बघितलं, खरं निघालं.

मला इथे एक बारीक गोष्ट सांगायचीय, कारण ती मला या सगळ्यात सर्वात आवडली. फळीच्या तोंडावर आडव्या रेघा दिसायच्या, बोट फिरवलं की लागणाऱ्या. कोणी म्हणे चाक लंबगोल झालंय, कोणी म्हणे पट्ट्याचा जोड जाड आहे. मी पट्टी लावली. रेघा दर साडेतीन सेंटिमीटरवर. चाक मिनिटाला सहाशे फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला दहा. पट्टा सेकंदाला साधारण एकोणतीस मीटर पळतो, लांबी सहा मीटर वीस सेंटिमीटर, म्हणजे जोड एकाच जागी दर पाव सेकंदाच्या जरा आत परत येतो. ट्रॉली आठ फूट जायला पंधरा सेकंद घेते, सेकंदाला सोळा सेंटिमीटर. चाकाचा दोष असता तर रेघा दर दीड सेंटिमीटरवर पडल्या असत्या. साडेतीनवर पडतात म्हणजे जोड. पट्टा उतरवून जोडावर व्हर्नियर लावला, पट्ट्यापेक्षा दोन दशांश मिलिमीटर जाड. पट्ट्याला सरळ धरणाऱ्या गाइडच्या ठोकळ्यातून जाताना दर वेळी एक टिचकी. चाचांनी जोड ऐरणीवर ठोकून, कानशीने घासून सपाट केला. रेघा गेल्या. या जोडाने मोठमोठ्यांना रडवलंय. बँड सॉची कल्पना इंग्लंडात विल्यम न्यूबेरीने १८०९ मध्ये नोंदवली, पण टिकणारा जोडच जमेना म्हणून ती जवळपास चाळीस वर्षं पडून राहिली. तो जोड १८४६ मध्ये एका फ्रेंच बाईने जमवला. तिचं नाव क्रेपँ. आमच्या शेडमध्ये तिचा फोटो लावला पाहिजे, विश्वकर्म्याच्या शेजारी.

चाकाचा दोष रेघांतून सुटला असला तरी चाक अगदी निर्दोष नव्हतं. वरच्या चाकाची धाव, म्हणजे पट्टा टेकतो ती कड, पुढच्या काठाला झिजून उतरती झालेली, त्यामुळे पट्टा जागा सोडायचा आणि आम्ही चाक कलवून त्याला जागेवर आणायचो. दात आणि त्यांच्यामधल्या खाचा चाकाच्या बाहेर राहिल्या पाहिजेत, पण पट्ट्याची पाठ पूर्ण टेकली पाहिजे. आमच्याकडे ती निम्मी हवेत. चाक उतरवायला पाच माणसं लागली. फोंडाघाटातून राधानगरीमार्गे कोल्हापूर, उद्यमनगर. चवथ आठवड्यावर आलेली, मी कारागिराला म्हणालो की चतुर्थीच्या आत द्या, नाहीतर आमच्याकडे मोटर चालू करायलाही माणूस मिळणार नाही. त्याने मोजलं, कमीत कमी माल काढून धाव सपाट केली आणि खोल कातायला नकार दिला. 'एवढ्यात भागतंय, उगाच चाक पातळ करू नका,' असं सांगून एका कामाचे पैसे स्वतःहून सोडणारा माणूस भेटला की कोल्हापूरचा पांढरा रस्सा अजून चविष्ट लागतो.

शेवटचा झगडा माणसांशी, आणि त्यात मी हरण्याच्या बेतात होतो. आमच्याकडे पक्की समजूत की पट्टा वाकडा चालायला लागला की ट्रॉली सावकाश घ्यायची. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण सेकंदाला नऊशेच्या आसपास दात लाकडातून जातात. आठ फूट पंधरा सेकंदांत नेले तर प्रत्येक दात सुमारे अठरा शतांश मिलिमीटरचा घास घेतो. चाळीस सेकंद लावले तर सात शतांशाचा. घास इतका बारीक झाला की भुसा भुसा राहत नाही, पीठ होतं. भुशाचे दाणे दातांच्या खाचेत बसून खाली पडतात. पीठ पट्टा आणि फळी यांच्या फटीत शिरतं, तिथे दाबलं जातं आणि पट्ट्याला ढकलतं. वर पट्टा तापतो तो वेगळाच. म्हणजे सावकाश घेतल्याने जे थांबवायचं तेच वाढतं. मिस्त्रींना हे सांगून पटेना. मग एकाच ओंडक्याच्या चार फळ्या कापल्या, दोन त्यांच्या चालीने, दोन माझ्या. मोबाइलचं स्टॉपवॉच पोराच्या हातात. सावकाश कापलेल्या फळीला हात लावला तर गरम, आणि तोंडावर पिठाचा थर चिकटलेला, पुसून जाईना. मिस्त्रींनी खालचा भुसा मुठीत घेतला, आधी या ढिगातला, मग त्या. चोळून बघितला. मग पोराला म्हणाले की ट्रॉलीक जरा जोर लाव. पट्टा खरंच बोथट असेल तर उपाय सावकाश घेणं नाही, पट्टा बदलणं आहे. आता दर तीन तासांनी बदलतो, आकेशिया असेल तर त्याच्या आधी.

दसऱ्यानंतर पुन्हा चाळीस फळ्या मोजल्या, तीच वही, तेच खडू. सगळ्यात बारीक सव्वीस पूर्णांक तीन, सगळ्यात जाड सत्तावीस पूर्णांक नऊ. माप आता एकोणतीसवर नाही, सत्तावीसवर लावतो. हे दोन मिलिमीटर ऐकायला काही नाहीत. बारा इंची चौकोनी केलेला ओंडका घ्या, सुमारे तीनशे मिलिमीटर. प्रत्येक काप दोन मिलिमीटर लाकूड भुसा करतो. एकोणतीसच्या दहा फळ्या आणि मधले नऊ काप म्हणजे तीनशे आठ. बसत नाहीत, नऊच निघतात. सत्तावीसच्या दहा म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी. बसतात. इतकी वर्षं दर अशा ओंडक्यातली दहावी फळी आम्ही भट्टीवाल्याला भुशाच्या भावाने विकत होतो. बाबांना हा हिशेब दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, बेरीज पुन्हा केली आणि विचारलं, "चहा घेतलास काय?"

सगळंच सुटलं असं नाही. आकेशिया अजून छळते. झाड उभं असताना त्याच्या अंगात ताण भरलेला असतो, बाहेरचा थर ओढलेला आणि गाभा दाबलेला. पहिली फळी सुटली की ओंडका स्वतःच धनुष्यासारखा वाकतो, खुंटापासून सुटतो, आणि पुढची फळी मध्यात जाड येते. यात ट्रॉली निर्दोष, पट्टा निर्दोष. एका बाजूच्या दोन फळ्या काढून ओंडका फिरवायचा, दुसऱ्या बाजूच्या दोन, पुन्हा फिरवायचा, असं केलं की ताण दोन्हीकडून सारखा सुटतो. वेळ दीडपट लागतो आणि गिऱ्हाईक दीडपट पैसे देत नाही. म्हणून बांधकामाच्या आकेशियाला हे करत नाही, फर्निचरच्या मालाला करतो. ज्याला पटत नसेल त्याने येऊन ट्रॉली ढकलून बघावी.

म्हापशाच्या गिऱ्हाइकाला दिवाळीनंतर साठ फळ्या पाठवल्या. आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी मीच केला. तो म्हणाला, "फळ्या मिळाल्या. एक विचारायचं होतं, सत्तावीसच्या ऐवजी साडेसव्वीसवर देता येईल काय? रंध्यावर उगाच जास्त जातंय."

मिस्त्रींना सांगितलं. ते तरफेवरचा भुसा ब्रशने झाडत होते. "त्येका सांग," म्हणाले, "पयलो वॉशर बदलूक होयो."

डायल लावून बघितलं. पाऊण मिलिमीटर. वॉशर टर्नरकडे टाकलाय, शनिवारी देतो म्हणाला.